हातपाय उलायलेत: घरचं मलम करणाऱ्यांनी इकडे या

दुधनाकाठची | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते, सेलूजवळ. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. आईनं भाकरी वाढायला हात पुढे केला आणि मी बघतच राहिले. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या पेरावर उभ्या चिरा, आणि एका चिरेत कापसाचा तंतू अडकलेला. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, रोज त्याच दोन बोटांना त्याच जागी टोचतात. त्यात ही थंडी, बोअरचं जड पाणी आणि भांड्यांचा साबण. "काई नाई गं, थंडीचं उलतंच," म्हणत तिनं चिमूटभर मीठ भाजीत टाकलं आणि हात झटकला. मीठ चिरेत गेलं होतं.

तर संभाजीनगरला परत आल्यावर डोक्यात एकच, आईसाठी घरी काहीतरी करायचं. पहिला प्रयोग सांगते, हसू नका. गॅलरीतली कोरफड कापली, गर काढला, खोबरेल तेल घातलं आणि मिक्सरला फिरवलं. काय सुंदर पांढरं क्रीम झालं म्हणून सांगू! उत्साहात भिशीतल्या चौघींना काचेच्या बाटल्या भरून दिल्या. नवव्या दिवशी एकीचा फोटो आला, झाकणाखाली काळे ठिपके आणि कडेला हिरवट साय. तिनं ते आदल्या रात्रीच लेकराच्या गालाला लावलं होतं. लेकराला काही झालं नाही, पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौघींच्या घरी जाऊन बाटल्या परत आणल्या.

दुसऱ्या वेळी पाण्याचा थेंबही येऊ दिला नाही. घाण्याचं करडईचं तेल ६० ग्रॅम, खोबरेल ४० ग्रॅम आणि मधमाशीचं मेण २० ग्रॅम. मेण एका मधपेट्यावाल्याकडून आणलं. घट्ट ढेकूळ होती, भाजीच्या किसणीवर किसली. (ती किसणी आता कायमची मेणाचीच झाली. आधी माहीत असतं तर जुनी घेतली असती.) पातेल्यात पाणी गरम केलं आणि त्यात स्टीलची वाटी ठेवून मेण वितळवलं. साधारण ६२ ते ६५ अंशांना ते वितळतं, म्हणजे पाणी खळखळ उकळायची गरज नाही. मग तेल घातलं. पाकाची तार बघतो तसा एक थेंब थंड ताटलीवर टाकला, बोटानं दाबून बघितला. शेवटी वास छान यावा म्हणून निलगिरीच्या तेलाचे आठ-दहा थेंब टाकले आणि डब्यांत ओतलं. पिवळंधमक मलम झालं. आईला दोन डब्या पाठवल्या.

आता अडचणी. सकाळी डबी इतकी घट्ट असते की नखानं खरवडावं लागतं. करडईचं तेल लवकर खवट होतं म्हणतात, ते किती खरं? चेहऱ्याला काय लावावं? आणि तुमच्याकडे आज्या काय लावायच्या तेही सांगा.

---

बालाघाटी | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, एवढा खटाटोप कशाला? किराणा दुकानात पेट्रोलियम जेलीची छोटी डबी मिळते. आमच्या बीडकडं ऊसतोडीला निघताना बायका पाण्याच्या घागरीसोबत तीच घेऊन जातात. किसणी पण वाचली असती.

---

दुधनाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

@बालाघाटी, मान्य. पण आईला ती जेली चिकट लागते. "हात कापसाला चिकटतो गं" म्हणते. कापूस हाताला चिकटला तर वेचणी होणार कशी?

---

गोळीवाला_नांदेड | १५ डिसेंबर, सकाळी ८:१०

मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

बालाघाटीभाऊ चुकीचं बोलत नाहीत. कातडीतली ओल उडू न देण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं साध्या घरगुती वस्तूंत काही नाही. जुनी गोष्ट आहे ती, अमेरिकेत १८७२ मध्ये तिचं पेटंट निघालं. पण ती फक्त झाकण आहे. उकळत्या भांड्यावर ताटली ठेवली की वाफ आत कोंडते ना, तसं. भांड्यात पाणीच नसेल तर ताटली काय कामाची?

लोकांचा गोंधळ इथंच होतो. तेल लावलं म्हणजे ओलावा दिला, असं नाही. तेलात ओल नसते. ओल पाण्यात असते, तेल ती अडवतं. म्हणून कोरड्या, पांढऱ्या फटक पडलेल्या हाताला तेल चोळून उपयोग निम्माच. आंघोळ करून किंवा हात धुऊन टॉवेलनं नुसतं टिपायचं, कातडी दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत मलम लावायचं. दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना मी नवीन क्रीम देत नाही, आहे तेच ओल्या हाताला लावा म्हणतो. मालकाला कळलं तर नोकरी जाईल.

ग्लिसरीनचं वेगळं आहे. ते ओल ओढून घेतं. पण नुसतं, घट्ट ग्लिसरीन आपल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत लावलं तर हवेत ओढायला ओल कुठाय? मग ते कातडीच्या आतूनच ओढतं आणि चेहरा ताणल्यासारखा होतो. एक भाग ग्लिसरीनला तीन-चार भाग पाणी, आणि वरून तेलाचं बोट. हे एवढं केलं तरी काम होतं.

आता ताईंच्या कोरफडीच्या क्रीमबद्दल. पाणी आलं की जंतू आले, बुरशी आली. कंपनीचं क्रीम वर्षभर टिकतं कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं. पुष्कळ जण व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून टाकतात आणि "आता टिकेल" म्हणतात. व्हिटॅमिन ईमुळे तेलाचं खवट होणं लांबतं, बुरशीला त्याचा ढिम्म फरक पडत नाही. घरी करायचं तर पाण्याविना करा. कोरफड लावायचीच असेल तर त्या दिवसापुरती कापा.

एक राहिलं. निलगिरीचं तेल लहान लेकरांच्या तोंडाजवळ, नाकाजवळ नको. कापूर पण नको. मोठ्यांच्या हातापायाला ठीक.

---

परभणीकर_काका | १५ डिसेंबर, सकाळी ९:३०

करडईचा विषय निघाला आणि मी गप्प बसू? आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी टाकायचेच. काटेरी पीक, ढोरं आत शिरत नाहीत. काढणी पहाटे दव असताना करायची, तेव्हा काटे मऊ असतात. ऊन चढलं की हात रक्ताळतो. आता हरभऱ्यापुढं करडई मागं पडली, पण १९७२ ला सुरू झालेल्या आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाण दिलं होतं, ते अजून लोक नावानं मागतात.

तेलाचं म्हणाल तर, करडईत लिनोलेइक आम्ल (तेलातल्या चरबीचा एक प्रकार) भरपूर, साधारण सत्तर-पंच्याहत्तर टक्के. आपल्या कातडीच्या वरच्या थरात विटांमधल्या सिमेंटसारखी जी चरबी असते, तिच्या जडणघडणीला हेच लागतं. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक हा दुसरा प्रकार जास्त, ते हा थर उलट ढिला करतं. शहरातली मंडळी महागाचं ऑलिव्ह तेल लेकरांना चोळतात, आणि इथं घाण्यावर करडईचं तेल पडून आहे.

पण ज्या गुणामुळं ते चांगलं, त्याच गुणामुळं ते खवट होतं. तेव्हा ताई, तुमची शंका खरी आहे. ताजं तेल घ्या, पाव लिटरच्या वर आणू नका, काळ्या बाटलीत अंधारात ठेवा, आणि मलम दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच करा. वास जुन्या शेंगदाण्यासारखा यायला लागला की फेका. खवट तेल कातडीला चुरचुरतं.

जवसाचं तेल मात्र कुणी घालू नका. ते वाळून चिवट पापुद्रा धरतं. आमचे वडील बैलगाडीच्या लाकडाला लावायचे ते.

---

मालवणची_सून_आंबेजोगाईत | १५ डिसेंबर, दुपारी १:४५

मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रडायचीच बाकी होते. आमच्याकडे अंगाला तेल लावायचं ते सणाला. इथे आले आणि महिन्याभरात टाचांची जमीन झाली, मे महिन्यातल्या काळ्या रानासारखी. सासूबाई म्हणाल्या, "भेगाळलीस गं, आता तू इथली झालीस."

मग आईनं गावाहून मुठेल पाठवलं. कोकमाच्या बियांचं तूप, हातात मूठ वळून त्याचे गोळे करतात म्हणून मुठेल. इथं हातात धरलं तरी लगेच वितळत नाही, साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं. गोळा पळीत गरम करायचा, कोमट झाला की रात्री भेगांत भरायचा आणि जुने मोजे घालून झोपायचं. आठ दिवसांत टाच लागायची थांबते.

दुधनाकाठची ताई, तुमची डबी घट्ट होते त्याचं कारण खोबरेल आहे. ते चोवीस अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे पहाटे केवढी थंडी पडते ते तुम्ही जाणताच. थंडीत खोबरेल कमी करा आणि मेण २० ऐवजी १५ ग्रॅम घ्या. उन्हाळ्यात परत २० किंवा २५, नाहीतर मेमध्ये डबीत सूप होईल. मुठेल घालणार असाल तर ओतल्यावर डबी लगेच गार पाण्यात ठेवा. सावकाश गार होऊ दिलं की माझं तरी रवाळ होतं. साजूक तुपाला कणी शोभते, चेहऱ्यावर नाही.

---

हुरडा_आणि_दही | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

आमची आजी (जालना) टाचेला बिब्बा लावायची. दिव्यावर बिब्बा धरायची, त्याचं काळं तेल पाघळलं की भेगेवर टेकवायची. म्हणायची, एकदा चटका बसला की वर्षभर भेग येत नाही. कुणी करून बघितलंय का?

---

गोळीवाला_नांदेड | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:३५

करू नका. हात जोडून सांगतो. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे ज्यांनी बघितलंय ते नाव घेणार नाहीत. अंगावर पाण्याचे फोड, सूज, खाज, आणि खाजवलेला हात तोंडाला लागला तर तिथंही. बिब्बा आंब्या-काजूच्या कुळातला. काजूच्या टरफलातलं तेल जसं भाजतं तसंच हे, पण त्याहून वाईट. आजीच्या हाताला अंदाज होता, आपल्या नाही. आणि ज्यांना बिब्बा उततो त्यांना ते आधी कळत नाही.

ज्यांना साखर आहे त्यांनी तर टाचेवर बिब्बा, ब्लेड, दगड, काहीच घरगुती प्रयोग करू नये. पायाची जाण कमी झालेली असते, जखम कळत नाही. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर डॉक्टरकडेच जायचं. बाकीच्यांना टाचेसाठी १० टक्के युरियाचं क्रीम औषधाच्या दुकानात मिळतं, जाड कातडी मऊ करायला ते छान आहे.

---

हुरडा_आणि_दही | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

आजी गेली, बिब्बाही तिच्याबरोबर गेला असं समजतो. तिचं राळेचं (झाडाच्या वाळलेल्या चिकाचं) मलम मात्र आठवतं. तिळाचं तेल गरम करून त्यात राळेची पूड विरघळवायची, मग परातीत पाणी घालून घालून तळहातानं फेटायचं. काळपट तेलाचं बघता बघता पांढरं लोणी व्हायचं. आम्ही पोरं गराडा घालून बसायचो, जादू वाटायची.

---

तांब्याची_परात | १६ डिसेंबर, सकाळी ११:१५

राळेच्या मलमावरून शतधौत घृताची आठवण झाली. गाईचं तूप तांब्याच्या ताटात घ्यायचं, गार पाणी घालून तळहातानं फिरवायचं, पाणी काढून टाकायचं, परत नवीन पाणी. असं शंभर वेळा. मी एकदाच केलं. तिसाव्या धुण्याला मनगट भरून आलं, चाळीसला नवऱ्याला बसवलं, साठनंतर दोघंही गुपचूप "पंधरा-पंधरा एकदम" मोजायला लागलो. पण झालं ते काय झालं! तुपाचा वास गेला, रंग दुधासारखा, बोटावर घेतलं की थंडगार. ओठांना आणि डोळ्यांभोवती याच्यासारखं दुसरं नाही.

दोन गोष्टी. यात पाणी अडकून राहतं, म्हणून थोडंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आणि कुणी सांगितलं की ताज्या भाजलेल्यावर लावा, तर नको. भाजलं की आधी वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली.

(अवांतर: काशाच्या वाटीनं तळपाय घासले की काळं निघतं, ती "अंगातली उष्णता" नव्हे. वाटीतला धातू आणि तूप-घाम यांचं काळं आहे ते. पण झोप मात्र छान लागते, त्यात वाद नाही.)

---

बालाघाटी | १६ डिसेंबर, दुपारी १२:०२

शंभर वेळा धुण्यापेक्षा पुरणपोळीवर घेतो मी ते तूप. आतून मॉइश्चरायझर.

---

सिडकोची_नवी_आई | १६ डिसेंबर, रात्री ९:३०

माझं बाळ चार महिन्यांचं आहे. मावशी मालिशला येतात, त्या डाळीचं पीठ आणि साय लावून खसाखसा घासतात. "लव जाते, कांती येते" म्हणतात. बाळाच्या मांडीवर लाल चट्टे आलेत. सासूबाईंना सांगितलं तर "आम्ही काय केलं मग?" मी काय करू? घरचं मलम लावू का?

---

गोळीवाला_नांदेड | १६ डिसेंबर, रात्री ९:५५

ताई, चट्टे आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तोपर्यंत पीठ बंद. पिठाचे कण बाळाच्या कातडीला पॉलिश पेपरसारखे लागतात. लव तशीही आपोआप जाते. चट्टे बसेपर्यंत मालिश पण थांबवा. नंतर साधं, वासाचं नसलेलं खोबरेल पुरे, हलक्या हातानं. मेणाचं मलम, हळद, सुगंधी तेल, काहीच नको. मोठ्यांनी सुद्धा नवीन काही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघावं.

---

मालवणची_सून_आंबेजोगाईत | १६ डिसेंबर, रात्री १०:१०

@सिडकोची_नवी_आई, सासूबाईंना "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा. "मला वाटतं" म्हणू नका. माझ्या घरात हाच मंत्र चालतो.

---

परभणीकर_काका | १७ डिसेंबर, सकाळी ७:४०

चेहऱ्याचा प्रश्न राहिलाच. आमच्या सूनबाई लिंबू-ग्लिसरीन-गुलाबपाणी करून बाटली भरून ठेवतात. चालतं का?

---

गोळीवाला_नांदेड | १७ डिसेंबर, सकाळी ८:०५

लिंबू काढून टाका काका. कातडीचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण साडेचार ते साडेपाच, लिंबाचा दोनच्या आसपास. त्याशिवाय लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, कधी फोड पण येतात. शेतात लिंबं तोडणाऱ्यांच्या हातावर बघा. खाण्याचा सोडा पण नको, तो उलट्या टोकाचा. बाकी दोन ठीक आहेत, पण आठवड्यापुरतंच करून फ्रीजमध्ये ठेवा. चेहरा धुऊन ओला असताना हे, आणि गार हवा फार झोंबत असेल तर वर करडईच्या तेलाचे दोन थेंब. ज्यांना पुरळ येते त्यांनी खोबरेल चेहऱ्यापासून लांब ठेवावं, छिद्रं बुजतात.

---

बालाघाटी | १७ डिसेंबर, सकाळी ९:००

परवा येळवस (वेळा अमावस्या) हाय. लातूर-धाराशिवची मंडळी आंबील घेऊन रानात जातील, इथं कोण थांबणार? माझ्याकडून एक खरी भर: पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. मग माणूस दुप्पट साबण घासतो, आणि तो नीट निघत पण नाही, पांढरा थर अंगावर बसतो. मी टाकीवर पावसाचं पाणी साठवलेलं आहे, तोंड आणि हात त्यानंच धुतो. साबण फक्त काखेत आणि पायाला. जेली निम्मी लागायला लागली. घ्या, मी पण घरगुती उपाय सांगितला.

---

दुधनाकाठची | १७ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. नवीन घाणी केली: करडई ७०, मुठेल १५ (मालवणच्या ताईंचं ऐकून ऑनलाइन मागवलं), मेण १५. ओतल्याबरोबर डब्या गार पाण्यात ठेवल्या. सकाळी बोट टेकवलं की बसतं, नख लागत नाही. आईला फोनवर सांगितलंय, रात्री हात कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवायचे, टिपायचे, लगेच मलम, आणि वर जुन्या सुती साडीच्या चिंध्या. "लग्नाच्या मेंदीला पण एवढं केलं नव्हतं" म्हणाली.

---

हुरडा_आणि_दही | ३ जानेवारी, सायंकाळी ५:१०

धागा वर काढतोय. ताई, आईच्या हाताचं काय झालं?

---

दुधनाकाठची | ३ जानेवारी, रात्री ९:४५

काल जाऊन आले. शेजारच्या बोटाची चीर मिटली आहे, अंगठ्याची अजून दिसते पण खोल नाही. वेचणी संपलीय हेही त्यामागं असणार, सगळं श्रेय मी घेत नाही.

पण मलमाची पहिली डबी देव्हाऱ्याशेजारी तशीच, निम्मी भरलेली. विचारलं तर आधी टाळाटाळ केली. मग म्हणाली, "बये, त्या निलगिरीच्या वासानं गाय कासेला हात लावू देईना. दोन येळा लाथ घातली. चरवी सांडली." म्हणून त्या दिवसांत ती रात्री मलम लावायची आणि पहाटे धार काढायच्या आधी राखेनं हात घासून धुवायची. राखेनं!

नव्या डबीला वास नाही. गाईची काही तक्रार नाही.